नार्निया संपलं, पण सुझनचं काय झालं? ‘द लास्ट बॅटल’च्या शेवटावर वाचक आजही का भांडतात?

संध्याकाळी माजिवडा नाक्यावर घोडबंदर रोडकडे वळणारी रांग जागची हलत नाही. अशा वेळी रिक्षात, टीएमटीत किंवा ऑफिसच्या कॅबमध्ये बसलेल्यांच्या हातात फोन असतो आणि फोनवर एखादी सीरिज नाहीतर ऑडिओबुक. आठ-दहा भाग मन लावून पाहायचे आणि शेवट पाहून ‘सगळी वाट लावली’ असं म्हणायचं, हा अनुभव आता बहुतेकांना आहे. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ संपली, तेव्हा जगभरातल्या प्रेक्षकांनी शेवट बदलून मागितला होता.

मालिकेच्या शेवटावर वाचक चिडणं हे मात्र इंटरनेटच्या आधीपासून चालत आलं आहे. सप्टेंबर १९५६ मध्ये लंडनमध्ये मुलांसाठीची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. सात पुस्तकांच्या मालिकेतलं ते शेवटचं पुस्तक. त्याला मोठा पुरस्कार मिळाला, ते लाखोंनी वाचलं आणि तरीही त्यातल्या एका मुलीचं काय झालं, हा प्रश्न वाचक जवळपास ७० वर्षं विचारत आहेत. पुस्तकाचं नाव ‘द लास्ट बॅटल’, लेखक सी. एस. लुईस, मालिका ‘द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया’ आणि त्या मुलीचं नाव सुझन.

नार्नियावर नेटफ्लिक्ससाठी नवा चित्रपट ग्रेटा गर्विग करत आहेत. ‘लिटल वुमन’ आणि ‘बार्बी’ या चित्रपटांच्या त्या दिग्दर्शक. त्यामुळे ही मालिका पुन्हा चर्चेत आली आहे आणि तिच्याबरोबर तिच्या शेवटाचा वादही. हा वाद नेमका काय आहे आणि मराठी वाचकाला तो ओळखीचा का वाटू शकतो, ते जाणून घेऊ. (पुस्तक वाचायचं बाकी असेल तर सावधान, पुढे शेवट सांगितला आहे.)

नार्निया मालिका काय आहे?

१९५० ते १९५६ या काळात दरवर्षी एक याप्रमाणे नार्नियाची सात पुस्तकं आली. पहिलं होतं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना पीटर, सुझन, एडमंड आणि लुसी या चार भावंडांना गावाकडच्या एका मोठ्या घरात पाठवलं जातं. तिथल्या कपाटातून ती नार्निया नावाच्या दुसऱ्याच जगात पोहोचतात. तिथे प्राणी बोलतात, एका चेटकिणीने कायमचा हिवाळा लादलेला असतो आणि अस्लान नावाचा सिंह त्या जगाचा खरा स्वामी असतो.

२००५ मध्ये आलेला डिस्नेचा चित्रपट याच पुस्तकावर होता. आज पंचविशी-तिशीत असलेल्या अनेकांची नार्नियाशी ओळख त्या चित्रपटातून झाली. २००८ आणि २०१० मध्ये आणखी दोन चित्रपट आले आणि ती मालिका तिथेच थांबली. ‘द लास्ट बॅटल’वर मोठा चित्रपट आजवर निघालेला नाही.

लुईस यांचा जन्म १८९८ चा, बेलफास्टचा. ते ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य शिकवत, पुढे केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाले. तरुणपणी ते नास्तिक होते. १९३१ मध्ये ते ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. त्यामागे मित्रांशी झालेल्या चर्चांचा मोठा वाटा होता. त्या मित्रांपैकी एक म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन.

ही मालिका ‘ख्रिस्ती’ कशी?

सात पुस्तकांत येशूचं नाव कुठेही नाही. पण पहिल्या पुस्तकात अस्लान दुसऱ्याच्या अपराधासाठी स्वतःचा जीव देतो आणि पुन्हा जिवंत होतो. बायबल माहीत असलेल्याला ही गोष्ट लगेच ओळखू येते. माहीत नसलेल्याला ती एका शूर सिंहाची गोष्ट म्हणूनही पुरते.

लुईस स्वतः याला रूपककथा म्हणत नसत. त्यांच्या मते हा एक ‘समजा’ होता. समजा, नार्नियासारखं एक जग आहे आणि देवाला त्या जगात यायचं आहे, तर तो तिथे कोणत्या रूपात येईल? बोलणाऱ्या प्राण्यांच्या जगात तो सिंह होऊन येईल, हे त्यांचं उत्तर. ‘अस्लान’ हा शब्दही मूळचा तुर्की, अर्थ सिंह. तो त्यांना ‘अरेबियन नाइट्स’च्या भाषांतराच्या टिपांमध्ये सापडला होता.

एकदा हा ‘समजा’ मान्य केला की शेवटच्या पुस्तकाची दिशाही ठरते. बायबलचा शेवट जगाच्या अंताने आणि न्यायाच्या दिवसाने होतो. त्यामुळे नार्नियाचाही अंत होणार, हे उघड होतं. मुलांच्या पुस्तकात जग संपवायचं कसं, हा खरा पेच होता.

‘द लास्ट बॅटल’मध्ये काय घडतं?

सुरुवात आपल्या ओळखीची आहे. शिफ्ट नावाच्या धूर्त माकडाला सिंहाचं कातडं सापडतं. तो आपल्या भोळ्या मित्राला, पझल नावाच्या गाढवाला, ते कातडं पांघरायला लावतो आणि ‘अस्लान परत आला’ अशी आवई उठवतो. पंचतंत्रातलं वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव आठवावं अशीच ही योजना. फरक इतकाच की पंचतंत्रातलं गाढव ओरडतं आणि त्याचं बिंग फुटतं. इथे माकड गाढवाला तोंड उघडूच देत नाही. ते त्याला रात्री शेकोटीच्या उजेडात, लांबून, क्षणभरच दाखवतं. लोक पाहतात, घाबरतात आणि माकडाचा प्रत्येक हुकूम देवाचा म्हणून पाळतात. झाडं तोडली जातात. बोलणारे प्राणी शेजारच्या कॅलोर्मेन साम्राज्यासाठी राबायला पाठवले जातात.

नार्नियाचा शेवटचा राजा टिरियन हे ढोंग उघडं पाडायला निघतो. पण पुढे जे होतं, ते मोबाइलवर रोज फेक व्हिडीओ पाहणाऱ्याला नीट कळेल. एकदा फसलेले बुटके खऱ्या अस्लानवरही विश्वास ठेवायला तयार होत नाहीत. समोर मेजवानी मांडली तरी आपण अंधाऱ्या गोठ्यात बसून चारा खातोय, असंच त्यांना वाटत राहतं. खोट्याने झालेलं सगळ्यात मोठं नुकसान लुईस इथे दाखवतात. खोटं पकडल्यावरही खऱ्यावरचा विश्वास परत येत नाही.

मग शेवटची लढाई होते आणि नार्निया हरतं. आकाशातले तारे खाली येतात, समुद्र जमीन गिळतो आणि पीटर त्या जगाचं दार ओढून बंद करतो. दाराच्या आत मात्र एक नवं, जास्त खरं नार्निया असतं. मालिकेतली जुनी पात्रं तिथे एकत्र येतात. अगदी शेवटी अस्लान त्यांना सांगतो की आपल्या जगात एक रेल्वे अपघात झाला आहे. ती सगळी त्यात गेली आहेत आणि आता त्यांना परत जायचं नाही.

सुझन कुठे आहे?

या मेळाव्यात पीटर आहे, एडमंड आहे, लुसी आहे. त्यांचा मावसभाऊ युस्टेस आहे. आईवडीलही त्याच अपघातात गेल्याचं कळतं. सुझन मात्र नाही.

राजा टिरियन तिच्याबद्दल विचारतो तेव्हा पीटर मोजक्या शब्दांत सांगतो की ती आता नार्नियाची मैत्रीण राहिलेली नाही. बाकीचेही आपापली तक्रार जोडतात. नार्नियाचा विषय निघाला की ती ‘लहानपणीचे खेळ’ म्हणून हसते. तिला आता नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि पार्ट्यांची आमंत्रणं यातच रस आहे. एवढी चर्चा होते आणि विषय बदलतो. सुझनबद्दल पुस्तकात पुढे एक शब्दही नाही.

आता हिशोब मांडून पाहा. गोष्ट संपते तेव्हा लंडनमध्ये सुझन नावाची एक तरुण मुलगी जिवंत आहे. एका अपघातात तिचे दोन भाऊ, बहीण, मावसभाऊ, आई आणि वडील गेले आहेत. मृतदेहांची ओळख पटवायला, घर आवरायला तीच एकटी उरली आहे. पुस्तक म्हणतं की हा आनंदाचा शेवट आहे. वाचक विचारतो, कोणासाठी?

वाचक आणि लेखक काय म्हणाले?

पुस्तकाला ब्रिटनमधला बालसाहित्याचा प्रतिष्ठेचा कार्नेगी पुरस्कार मिळाला. पण नाराजी तेव्हापासूनच होती आणि ती पहिल्यांदा कळवली मुलांनी, लुईस यांना पत्रं लिहून.

पुढे ही नाराजी मोठ्यांकडे आली. ‘हिज डार्क मटेरियल्स’चे लेखक फिलिप पुलमन यांनी १९९८ मध्ये, लुईस यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ‘द गार्डियन’मध्ये नार्नियावर कठोर लेख लिहिला. सुझनचा दोष काय, तर ती मोठी होत होती, हा त्यांचा मुद्दा. मुलांना मारून त्याला सुखान्त म्हणणंही त्यांना पटलं नाही. २००५ मध्ये ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंग यांनी ‘टाइम’ नियतकालिकाशी बोलताना लिपस्टिकच्या मुद्द्यावरूनच आपला आक्षेप सांगितला. त्याआधी २००४ मध्ये नील गेमन यांनी अपघातानंतर मागे राहिलेली सुझन म्हातारपणी कशी असेल, यावर कथा लिहिली. तिचं नाव होतं ‘द प्रॉब्लेम ऑफ सुझन’. तेव्हापासून अभ्यासक या वादाला याच नावाने ओळखतात.

दुसरी बाजूही आहे. लुईस यांच्या बाजूने बोलणारे वाचक दोन गोष्टी दाखवून देतात. पहिली, सुझन मेलेली नाही. त्यामुळे तिला स्वर्गाबाहेर काढलं, असं म्हणताच येत नाही. तिचा निकाल अजून लागायचा आहे. दुसरी, तिची चूक लिपस्टिक नाही. जे आपण स्वतः पाहिलं, जगलो, त्याला मोठेपणाच्या नावाखाली खोटं ठरवणं ही तिची चूक. परीकथा लहान मुलांसाठीच असतात असं समजून त्या टाकून देणं हाच लुईस यांना पोरकटपणा वाटत असे आणि हे त्यांनी निबंधातही लिहिलं आहे.

हा बचाव तर्काला धरून आहे. तरीही एक गोष्ट उरतेच. ज्या मुलीवर आरोप आहे, तिची बाजू पुस्तकात कोणी मांडत नाही. ती स्वतः तिथे हजर नाही.

लुईस यांनी काय उत्तर दिलं?

मुलांच्या पत्रांना लुईस नेमाने उत्तरं देत. १९५७ मध्ये एका मुलाला त्यांनी लिहिलं की सुझनचं पुढे काय झालं, हे पुस्तकं सांगत नाहीत. ती या जगात जिवंत आहे, तिच्याकडे भरपूर वेळ आहे आणि ती आपल्या वाटेने अस्लानच्या देशात पोहोचेलही.

फेब्रुवारी १९६० मध्ये आणखी एका वाचकाने सुझनची गोष्ट पुरी करा, अशी गळ घातली. सुझनला वाट सापडेल याची आशा आपल्याला आहे, पण ती गोष्ट आपल्याला वाटतं तशी लिहिता येणार नाही, असं लुईस यांनी कळवलं. शेवटी त्यांनी सुचवलं, तुम्हीच का लिहीत नाही?

त्याच वर्षी जुलैमध्ये लुईस यांच्या पत्नी जॉय कर्करोगाने गेल्या. त्या आधी त्यांच्या वाचक होत्या. पत्रांतून ओळख झाली आणि ‘द लास्ट बॅटल’ प्रसिद्ध झालं त्याच वर्षी, १९५६ मध्ये, दोघांनी लग्न केलं होतं. पत्नीच्या मृत्यूनंतर लुईस यांनी वह्यांमध्ये जे लिहिलं, ते १९६१ मध्ये ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ या नावाने आणि टोपणनावाखाली प्रसिद्ध झालं. त्यात देवावरचा राग आहे, शंका आहेत, बंद दारासमोर उभं असल्याची भावना आहे. सगळे पलीकडे गेले आणि आपण मागे राहिलो, हा अनुभव सुझनचा होता. आता तो लुईस यांच्या वाट्याला आला. सुझनची गोष्ट त्यांनी लिहिली नाही, पण तिच्या जागेवर उभं राहून कसं वाटतं, ते त्यांनी लिहिलं असं म्हणता येईल. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, त्यामुळे ती बातमी मागे पडली.

शत्रू आपल्यासारखेच का दिसतात?

भारतीय वाचकाला या पुस्तकात आणखी एक ठिकाणी ठेच लागते. कॅलोर्मेनचे लोक सावळे आहेत, पागोटी बांधतात, वक्र तलवारी वापरतात आणि टॅश नावाच्या भयानक देवाला भजतात. लुईस यांनी हे चित्र ‘अरेबियन नाइट्स’ आणि तुर्की साम्राज्याच्या जुन्या कल्पनांवरून रंगवलं. गोरे ते आपले आणि पागोटेवाले ते शत्रू, ही मांडणी वंशवादी असल्याची टीका अनेक वर्षं होत आहे. ती टीका रास्त आहे.

पण याच पुस्तकात एमेथ नावाचा एक तरुण कॅलोर्मेन सरदार आहे. हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ ‘सत्य’. तो आयुष्यभर टॅशची मनापासून भक्ती करतो. न्यायाच्या वेळी तो अस्लानसमोर येतो, आता आपलं काही खरं नाही अशी त्याची खात्री असते. अस्लान मात्र त्याला जवळ घेतो. तू चांगल्या मनाने जी सेवा टॅशची म्हणून केलीस, ती माझ्याकडे पोहोचली, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

या दोन पानांवर ख्रिस्ती वाचकांमध्येच मोठे मतभेद झाले. येशूवर श्रद्धा नसलेल्याला मुक्ती मिळेल असं सांगणं हे बायबलच्या शिकवणीला सोडून आहे, असा कर्मठ वाचकांचा आक्षेप. इतरांना हाच पुस्तकातला सर्वांत उदार भाग वाटतो. लुईस यांनी पत्रांतही जवळपास हेच मत मांडलं होतं, त्यामुळे तो अपघाताने आलेला प्रसंग नाही. माकड म्हणतं तसे अस्लान आणि टॅश एकच, असं मात्र पुस्तक म्हणत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

माजिवड्यात फातिमा मातेचं चर्च आहे. आसपासच्या सोसायट्यांत गणपतीची आरास, नाताळचा तारा आणि ईदचा शीरखुर्मा एकाच मजल्यावर भेटतो. अशा मजल्यावर वाढणारं मूल हे पुस्तक वाचून विचारणारच, की माझ्या मित्राचा देव वेगळा असेल तर तो दाराबाहेर राहील का? लुईस यांचं उत्तर एमेथच्या रूपाने पुस्तकात आहे. पण ज्यांनी परक्या एमेथला आत घेतलं, त्यांनी घरच्या सुझनला बाहेर का ठेवलं, हा प्रश्न त्यामुळे आणखी टोकदार होतो.

रेल्वे अपघात हा सुखान्त कसा असू शकतो?

लुईस यांच्या श्रद्धेप्रमाणे मृत्यू हा शेवट नाही. आईचं आजारपण आणि मृत्यू त्यांनी नऊ वर्षांचे असताना पाहिला. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये लढले, जखमी झाले. मृत्यू त्यांना ठाऊक होता. मुलांपासून तो लपवू नये आणि त्यापलीकडे आशा आहे हेही सांगावं, असं त्यांना वाटत होतं. शेवटच्या पानांवरचा आनंद त्या विश्वासातून येतो. अनेक वाचकांनी, विशेषतः घरातलं माणूस गमावलेल्यांनी, या पानांनी धीर दिल्याचं सांगितलं आहे.

ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवलीच्या वाचकाला मात्र ‘रेल्वे अपघात’ हा शब्द गोष्टीतला वाटत नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवासी गेले, ते अजून कोणी विसरलेलं नाही. इथे अपघाताची बातमी म्हणजे घरी वाट पाहणारं कोणीतरी, न उचललेला फोन, रुग्णालयाबाहेरची रांग. गेलेले सुखात आहेत, असं कोणी समजावलं तरी लक्ष जातं ते मागे राहिलेल्याकडे. म्हणूनच सुझनचा प्रश्न इथल्या वाचकाला साहित्यातला वाद म्हणून सोडून देता येत नाही.

मराठीशी याचा काय संबंध?

श्रद्धेच्या वाटेवर एक जण पुढे जातो आणि घरातली बाई मागे राहते, ही गोष्ट लुईस यांच्या आधीही होती आणि मराठीत ती फार लवकर आली.

जॉन बन्यन यांचं ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालं. ख्रिस्ती अद्भुतकथांची ती जणू पणजीच. त्यातला नायक स्वर्गनगरीकडे निघतो, तेव्हा बायकोमुलं हाका मारत असतात आणि तो कानात बोटं घालून पळत सुटतो. त्या बायकोचं काय झालं? बन्यन यांनी १६८४ मध्ये दुसरा भाग लिहिला आणि त्यात ती बाई मुलांना घेऊन स्वतः त्या वाटेला लागते. लुईस यांनी जे केलं नाही, ते बन्यन यांनी केलं होतं.

बन्यन यांच्या पहिल्या भागाचं हरी केशवजी यांनी केलेलं मराठी रूप ‘यात्रिकक्रमण’ १८४१ मध्ये आलं. मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना त्याचं नाव सुरुवातीलाच घेतलं जातं. पुढे १८५७ मध्ये बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ आली. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून ती ओळखली जाते आणि तिचा विषय होता विधवांची दुःखं. म्हणजे मराठी कादंबरीने पहिली पावलं टाकली तीच मागे राहिलेल्या बाईकडे पाहत.

पण सुझनच्या सर्वांत जवळ जाणारी मराठी व्यक्ती कल्पनेतली नाही. ती लक्ष्मीबाई टिळक. १८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई हिंदू राहिल्या आणि मागे राहिल्या. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे गेल्या तेव्हाही स्वतःचं सोवळंओवळं सांभाळूनच. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःच्या डोक्याने विचार केला आणि १९०० मध्ये आपल्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. कोणाच्या मागे ओढल्या गेल्या नाहीत. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितलं, तेही स्वतःवर हसत हसत.

या गोष्टीचा शेवट तर आणखी वेगळा आहे. येशूच्या जीवनावरचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य टिळकांनी सुरू केलं. १९१९ मध्ये ते गेले आणि काव्य अपुरं राहिलं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. त्यांनी त्यात तब्बल ६४ अध्यायांची भर घातली. ज्या बाईला कधीकाळी या वाटेवर मागे सोडलं गेलं होतं, तिनेच त्या वाटेवरच्या ग्रंथाचा शेवट लिहिला. तुम्हीच का लिहीत नाही, असं लुईस यांनी आपल्या वाचकाला विचारलं होतं. त्याच्या कितीतरी आधी मराठीत ते घडून गेलं होतं.

मग हे पुस्तक वाचावं का? कोणत्या क्रमाने?

वाचावं, पण थेट यापासून सुरुवात करू नये. आधीची सहा पुस्तकं वाचलेली असतील तरच हा शेवट पोहोचतो आणि तरच तो खुपतो. पुस्तकांच्या क्रमाबद्दलही वाचकांत दोन गट आहेत. १९९० च्या दशकापासून इंग्रजी संचांत नार्नियाच्या जन्माची गोष्ट सांगणारं ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ पहिलं धरलं जातं. गर्विग यांचा नवा चित्रपटही याच पुस्तकावर आहे. प्रसिद्धीच्या क्रमाने जायचं तर मात्र सुरुवात कपाटाच्या पुस्तकापासून होते आणि नार्निया वाचकाला लुसीबरोबरच सापडतं. पहिल्यांदा वाचणाऱ्यासाठी हा क्रम चांगला.

मुलांबरोबर वाचत असाल तर दोन जागांवर थांबा. कॅलोर्मेनच्या वर्णनापाशी, कारण पागोटेवाला म्हणजे शत्रू हे चित्र कुठून आलं ते सांगायला हवं. आणि सुझनपाशी, कारण मूल तिच्याबद्दल विचारणारच. तेव्हा घाईने तिची बाजू घेऊ नका आणि लेखकाचीही घेऊ नका. सुझन जिवंत आहे, ती एकटी आहे आणि तिची गोष्ट अजून कोणी पुरी केलेली नाही, एवढं सांगितलं तरी चालेल. पुढचं मुलालाच लिहू द्या.